वॅट मोजायचेत? मल्टिमीटर, टाँग टेस्टर की प्लगचा मीटर

बिल वाढलं की घरात पहिला संशय गिझरवर, दुसरा फ्रिजवर. खरं-खोटं करायला व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे लागतात. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, म्हणजे रोध, दोन्ही गुणले की वॅट. सातवी-आठवीचं गणित. अडतं ते हे आकडे मोजायचे कशाने, इथे. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात, तर या कामासाठी तीन प्रकारची यंत्रं दिसतील.

पहिला पिवळा मल्टिमीटर, डीटी-८३०डी किंवा त्याचा कुठलाही भाऊबंद. दोन-तीनशेत येतो, म्हणून हात आधी त्याच्याकडे जातो. घरच्या विजेचे व्होल्ट तो दाखवतो, अँपिअर मात्र दाखवत नाही. त्यावरचं १० अँपिअरचं भोक फक्त डीसीसाठी, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या प्रवाहासाठी असतं. लाल वायर त्या भोकात ठेवून प्रोब सॉकेटमध्ये घातले की सरळ शॉर्ट, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या भोकामागे सहसा फ्यूजही नसतो. महाग मल्टिमीटर एसी, म्हणजे घरच्या विजेचे अँपिअर मोजतात, पण त्यासाठी चालू सर्किटची वायर सोडवून मीटर मध्ये जोडावा लागतो. घरी हे उद्योग नकोतच.

तो कामाला येतो ओहम मोजायला, तेही प्लग काढल्यावर. २००० वॅटच्या गिझरचा रोध २३० × २३० ÷ २००० म्हणजे साधारण २६.५ ओहम. प्लगच्या फेज-न्यूट्रल पिनांवर २६-२७ दिसले तर कॉइल शाबूत. डाव्या कोपऱ्यात नुसता १ दिसला तर कॉइल उडाली आहे किंवा थर्मोस्टॅट, जादा तापल्यावर वीज तोडणारा कट-आउट यांपैकी काहीतरी उघडं आहे. हा हिशेब जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बवर करू नका. थंड फिलामेंट चाळीसेक ओहम दाखवते, पेटल्यावर तीच ५२९ ओहमची होते. गिझरच्या कॉइलमधल्या निक्रोमच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून तिथे हिशेब जमतो.

टाँग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर, वायरमनच्या पिशवीत असतोच. जबडा उघडून वायरीभोवती लावायचा. काही तोडायचं नाही. फक्त वायर एकटी हवी. प्लगची अख्खी केबल जबड्यात धरली तर फेज आणि न्यूट्रलमधले प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. मग लोक दुकानदाराला शिव्या घालतात. थेट वायरिंगवर बसवलेला एसी किंवा सोसायटीचा पाण्याचा पंप मोजायचा असेल तर या तिघांत टाँग टेस्टरला पर्याय नाही. डीबी, म्हणजे एमसीबीची पेटी, मात्र वायरमनकडूनच उघडून घ्या.

त्याची खरी मर्यादा गुणाकारात आहे. गिझर, इस्त्री, हीटर यांना व्होल्ट गुणिले अँपिअर चोख लागू पडतं. जुन्या फ्रिजच्या मोटरला नाही. समजा २३० व्होल्टवर १.२ अँपिअर दिसले. गुणाकार २७६ येतो, पण पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खरोखर खर्च होणारा हिस्सा, ०.६५ असेल तर खरे वॅट १७९च. घरगुती बिल या खऱ्या वॅटवर, म्हणजे युनिटवर येतं. साधा टाँग टेस्टर पॉवर फॅक्टर दाखवत नाही, त्यामुळे बिलासाठी फ्रिज पकडायचा असेल तर तो तुम्हाला घाबरवून सोडेल.

तिसरा प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर. सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये तो बसतो. व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर आणि युनिट एकाच पडद्यावर. थेट वायरिंगवर असलेल्या पंखा, ट्यूबलाइट यांना निरुपयोगी, आणि मोबाइल चार्जरसारख्या किरकोळ लोडवर त्याचा आकडा फार मनावर घेऊ नये. तरी घरासाठी माझं मत यालाच, आणि ते बिलापेक्षा दुसऱ्याच कारणासाठी.

जुन्या चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर हे करून बघा. गिझर बंद असताना व्होल्ट वाचा, समजा २३२. चालू करा, पुन्हा वाचा: २२४ व्होल्ट, ८.३ अँपिअर. गिझरचा रोध २२४ ÷ ८.३ म्हणजे २७ ओहम, ठीक. वॅट १८५९, तेही ठीक. पण ८ व्होल्ट वाटेत गेले. ८ ÷ ८.३ म्हणजे जवळपास एक ओहम वायरिंगमध्ये आहे, आणि तिथे ६६ वॅटची उष्णता तयार होतेय. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर जाऊन परत आली तरी तिचा रोध ०.१५ ओहमच्या आसपास असतो. उरलेला बहुतेक एखाद्या सैल स्क्रूपाशी, काळवंडलेल्या सॉकेटपाशी किंवा जुन्या जोडावर बसलेला असतो. गिझर चालू केल्यावर स्वयंपाकघरातल्या वेगळ्या सर्किटवरही व्होल्ट तेवढेच पडत असतील तर दोष गिझरच्या पॉइंटचा नाही, त्याच्या आधीच्या, सगळ्या घराला येणाऱ्या वायरिंगचा आहे. जिन्याखालच्या मीटरबोर्डपासून शोधावं लागेल.

काहीच विकत घ्यायचं नसेल तर बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण, ज्याचा असेल त्याचा बिलाचा मीटर आहेच. डिजिटल मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि पाटीवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा, एकच उपकरण चालू ठेवा, दहा लुकलुकी मोजा. ३२००च्या मीटरवर ११,२५० भागिले लागलेले सेकंद म्हणजे वॅट. साडेसात सेकंद लागले तर १५००. रोध यातून कळत नाही, पण वॅट खरे असतात, पॉवर फॅक्टर धरूनच. मीटर तळमजल्यावर असेल तर फोनवर "आई, आता इस्त्री लाव" म्हणणारं कुणीतरी हवं.

प्लगचा मीटर घेताना तो १६ अँपिअरचा आणि आपल्या जाड तीन पिनांचा आहे ना, ते बघा. ६ अँपिअरचा छोटा मीटर गिझरला लावायचा नाही, आणि परदेशी पिनांचा मीटर कन्व्हर्टर लावून वापरला तर तो कन्व्हर्टरच आधी तापेल.