तेस्ताच्चोच्या खाणावळीत भाजी काय मागवावी

रोमला कोणी पाहुणे आले की मी त्यांना तेस्ताच्चोतल्या एका जुन्या खाणावळीत नेते. या भागात 1975 पर्यंत शहराचा कत्तलखाना होता, त्यामुळे इथलं जेवण मूळचंच मांसाहारी आणि अंगावर येणारं. मेन्यूच्या तळाशी ‘कोंतोर्नी’ म्हणून चार-पाच ओळी असतात, त्या जेवणासोबतच्या भाज्या. वेगळ्या मागवायच्या, पैसेही वेगळे. आपली मंडळी तिथवर येईतो कंटाळलेली असतात आणि बटाटे सांगून मोकळी होतात.

बटाटे सांगू नका. इथलं ओव्हनमधलं कोकरू, म्हणजे अब्बाक्क्यो, बटाट्यांसकटच येतं. त्यासोबत हवी ती चिकोरिया. कडसर पालेभाजी आधी उकडायची, घट्ट पिळायची, मग ऑलिव्ह तेलात लसूण आणि लाल मिरचीवर परतायची. मेथी आवडणाऱ्याला ती पहिल्या घासातच आवडते. कोकराची चरबी जिभेवर बसते, ती या कडूपणाने उतरते आणि पुढचा घास पुन्हा चवीने खाता येतो. बऱ्याच ठिकाणी ताटलीत हिरवं पाणी सुटलेलं असतं; इथे सुटत नाही. लसूणही करपवत नाहीत.

थंडीत आलात तर पुंतारेल्ले. कातालोन्या नावाच्या चिकोरीचे कोवळे कोंब उभे चिरून गार पाण्यात टाकतात, की ते आपोआप कुरळे होतात. वरून लसूण, व्हिनेगर, तेल आणि खारवलेले अँकोव्ही मासे वाटून घातलेले असतात. शाकाहारी असाल तर आधी विचाराच, कारण मासा दिसत नाही. ‘सेंझा अलीची’ म्हटलं की विनामासा देतात, पण ती मग नुसती कोशिंबीर. त्यापेक्षा चिकोरियाच बरी.

आर्टिचोक दोन तऱ्हांचे. रोमन पद्धतीचा, पुदिन्याच्या जातीची एक रानटी पाती आणि लसूण भरून मंद शिजवलेला, इथे सुरेख होतो. देठसुद्धा लोण्यासारखा मऊ. ज्यू पद्धतीचा तळलेला मात्र पाकळ्यांना कुरकुरीत आणि आत तेलकट. तो खायला घेत्तोत, म्हणजे रोमच्या जुन्या ज्यू वस्तीतच जावं.

भाजी पास्त्यासोबत येत नाही, त्यानंतरच्या मांसासोबत येते. नुसता पास्ता खाणार असाल तर ‘तुत्तो इन्सिएमे’ सांगा, म्हणजे सगळं एकदम आणतात. सासूबाईंनी दोन भाज्या आणि ब्रेड एवढ्यावरच जेवण केलं, वेटरने नाक मुरडलं नाही. ब्रेडचे पैसे मात्र बिलात वेगळे लागतात.

रविवारी दुपारी आरक्षणाशिवाय जाऊ नका. आणि बसल्याबसल्या चिकोरिया सांगून ठेवा, दोननंतर बहुधा संपलेली असते.