अग्निवीर, जीडी की एमटीएस? वर्दी उतरल्यावर हातात काय राहतं ते आधी बघा

बहिणीचा पोरगा बारावी झालाय, साताऱ्यात अकॅडमीला जातो, पहाटे पाचला ग्राउंडवर असतो आणि आता त्याला तीन फॉर्म दिसतायत, आर्मीचं अग्निवीर, एसएससी (दहावीचं नाही, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) जीडी म्हणजे सीआरपीएफ बीएसएफ सीआयएसएफ वगैरे केंद्रीय दलांत कॉन्स्टेबल, आणि एसएससी एमटीएस म्हणजे केंद्राच्या ऑफिसात मल्टी टास्किंग स्टाफ, शिपाई दर्जाचं काम. मला विचारलं मामा कुठलं धरू. आमच्या घरात तिन्हीकडचं बघितलेलं आहे, पप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शन आलेले, चुलत भाऊ सीआरपीएफला, मी केंद्र सरकारच्या ऑफिसात एमटीएस. म्हणून जे त्याला सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी एक गैरसमज काढा. पप्पांना जे भेटलं ते आज भरती होणाऱ्याला आपोआप भेटत नाही. पप्पा १७ वर्षं सर्व्हिस करून ३६ व्या वर्षी घरी आले आणि पुढच्या महिन्यापासून पेन्शन चालू, कारण रेग्युलर जवानाला १५ वर्षांच्या सर्व्हिसवर पेन्शन बसते, त्यावर वन रँक वन पेन्शन म्हणजे सारखी रँक आणि सारखी सर्व्हिस असेल तर कधीही रिटायर झाला तरी पेन्शन सारखीच, दवाखान्याला ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची उपचार योजना, कॅन्टीनचं कार्ड, महाराष्ट्र सरकारच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण. विहिरीची मोटर, आमची शाळा, बहिणीचं लग्न सगळं त्या पेन्शनवर आणि नंतर केलेल्या सिक्युरिटीच्या नोकरीवर झालं. आपल्याकडे अपशिंगेसारखी गावं पिढ्यानपिढ्या फौजेत पोरं पाठवत आली, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली, पण घरं उभी राहिली ती या पेन्शनवर.

२०२२ पासून जवान म्हणून शिरायचा रस्ता अग्निपथ योजनेचाच आहे, त्यातून लागलेला पोरगा म्हणजे अग्निवीर. ४ वर्षं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० पण त्यातले ९,००० कापून हातात २१,०००, चौथ्या वर्षी ४०,००० पैकी हातात २८,०००. कापलेल्यात सरकार तेवढेच घालतं आणि शेवटी व्याज धरून साधारण ११.७१ लाख हातात येतात, टॅक्स नाही. डीए म्हणजे महागाई भत्ता नाही, मिलिटरी सर्व्हिस पे नाही, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेर पडल्यावर माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे ईसीएचएस नाही आणि ते १५ टक्केवालं आरक्षण पण नाही. जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना पुढे रेग्युलरला घेतात, ज्याला घेतलं त्याचं आयुष्य पप्पांसारखं, बाकीचे २२-२३ व्या वर्षी घरी. ड्युटीवर काही झालं तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाख सानुग्रह मदत आणि उरलेल्या काळाचा पगार भेटतो, पण बायकोला किंवा आईला दर महिन्याची फॅमिली पेन्शन नाही. सीमेवर शेजारी उभा असलेल्या जुन्या जवानाच्या घरी ती जाते. मला हे पटत नाही, गोळी दोघांना सारखीच लागते.

आता जीडी. बेसिक २१,७०० पासून, वर डीए आणि भत्ते, वयाच्या ६० पर्यंत नोकरी. पगाराला आणि स्थिरतेला हे अग्निवीरपेक्षा सरळ भारी आहे. पण मानाचं आणि पेन्शनचं दुखणं वेगळं. पुलवामाला २०१९ मध्ये ४० जवान गेले ते सीआरपीएफचे, सगळा देश रडला, पण त्याच फोर्समधून रिटायर झालेला माणूस कागदावर माजी सैनिक धरत नाहीत, वन रँक वन पेन्शन त्याला नाही. २००४ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन पण नाही, पगारातून कापून बाजारात गुंतवणारी एनपीएस आहे, दिल्ली हायकोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये ती द्या म्हणून निकाल दिला होता आणि सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. भावाची पोस्टिंग छत्तीसगडच्या जंगलात, काकांच्या आजारपणात त्याला वेळेवर येता आलं नाही, ती गोष्ट तो अजून काढत नाही.

आणि इथे एक खाच आहे जी अकॅडमीत कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२५ पासून एनपीएसला पर्याय म्हणून यूपीएस म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम आली, २५ वर्षं सर्व्हिस झाली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के, किमान १० वर्षांवर महिना १०,०००. ऐकायला छान आहे. पण २५ वर्षांनी गुडघे गेले म्हणून तू स्वतःहून रिटायरमेंट घेतलीस तर ते पैसे त्या दिवसापासून चालू होत नाहीत, ज्या तारखेला तू ६० चा झाला असतास तिथून होतात. पप्पांना ३६ ला चालू झाली आणि भावाला ४६ ला बाहेर पडला तरी १४ वर्षं थांबावं लागेल. फरक इथे आहे.

एमटीएसचं थोडक्यात, बेसिक १८,०००, सगळ्यात कमी, पेन्शनचे नियम जीडीचेच, पण टेबलाजवळ बसून ६० गाठता येतं. सीजीएचएसचे म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे दवाखाने पुणे मुंबई नागपूर अशा मोठ्या शहरात, पप्पांचं ईसीएचएस पॉलिक्लिनिक मात्र साताऱ्यात. मान विचारशील तर गावात सत्काराला कोणी एमटीएसला बोलवत नाही, पण घरच्यांच्या आजारपणात मी घरी असतो.

माझं मत असं. घरात शेती किंवा कमावणारं दुसरं कोणी असेल आणि वय १८ असेल तर अग्निवीर ट्राय कर, कारण २५ टक्क्यांत नाही बसलास तरी जीडीला माजी अग्निवीरांना आरक्षण आहे, वयात ३ वर्षं सूट आहे, ते ११ लाख मात्र गाडीत घालायचे नाहीत. पण घर तुझ्याच पगारावर चालणार असेल, बहीण लग्नाची असेल, तर जीडीचा फॉर्म आधी, आणि ग्राउंड ५ किलोमीटर २४ मिनिटांच्या हिशोबाने पळ, आर्मी भरतीच्या सोळाशे मीटरच्या सवयीवर जाऊ नको. गुडघा किंवा डोळे कच्चे असतील तर लाज न बाळगता एमटीएस.

आमच्या भाच्याने अग्निवीर आणि जीडी दोन्ही भरले. त्याला एवढंच सांगून ठेवलंय की जीडीत लागलास तर जॉइन झाल्यापासून ३० दिवसांत एनपीएस की यूपीएस ते लिहून द्यावं लागतं, ट्रेनिंग सेंटरच्या गडबडीत पोरं कुठेही टिक करतात, तो कागद समोर आला की सही करायच्या आधी मामाला फोन कर.