पन्हळ पत्र्याची की पीव्हीसीची? आगोटीची म्हणजे पावसाआधीची कामं काढणाऱ्यांसाठी

मे महिना लागला की कोणी ना कोणी विचारतंच, कौलांची शाकारणी झाली, आता छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी बदलायच्यात, कुठली घेऊ? आमच्या रत्नागिरीच्या घराला दोन्ही आहेत, पुढच्या पडवीला पीव्हीसी आणि मागे न्हाणीघराच्या अंगाला अजून जुनी जीआय पत्र्याची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची. त्यामुळे वापरून जे दिसलं ते सांगतोय, तुमच्याकडे थोडं वेगळं असू शकेल.

ताकदीत पत्रा पुढे, त्यात वादच नाही. नारळाची झावळ पडली तर पत्र्याला पोचा पडतो, पीव्हीसीचा सरळ तुकडा पडतो. दुसरं म्हणजे पत्रा हवा तेवढा रुंद वाकवून मिळतो. कौलाचा उतार जास्त असेल तर जोराच्या सरीत पाणी रेडीमेड पन्हळीच्या वरून उडी मारून अंगणात पडतं, तिथे रुंद पत्राच कामाचा. आणि पाणी किती येतं याचा अंदाज घ्या, १०० चौरस मीटर छपरावर तासाला ५० मिमी पडला तरी ५ हजार लिटर होतं, म्हणून मटेरियल कुठलंही घ्या पण खाली उतरणारे पाईप कमी ठेवू नका.

वादळाची भीती म्हणून पत्रा घेणारे बरेच आहेत, २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते बघितल्यावर ते साहजिकच आहे. पण माझं मत असं की वाऱ्याने पन्हळ जाते ती मटेरियलपेक्षा क्लॅम्पमुळे. दोन-दोन फुटांवर क्लॅम्प, तेही कुजक्या फळीला नाही तर धड लाकडाला, स्क्रूने, एवढं असेल तर पीव्हीसीही टिकते. आमची तौक्तेत टिकली.

आता माझं ज्यावरून ठरलं ते. पत्रा आतून गंजतो आणि तो दिसत नाही. मोहोर, आंब्याची पानं, कौलावरून सुटलेलं शेवाळ असा सगळा काळा गाळ तळाला बसून राहतो, त्यात आमच्याकडे खारा वारा. खराट्याने गाळ ओढला की खाली तपकिरी पापुद्रे निघतात आणि एखादा बोटाने दाबला की टिकलीएवढं भोक. बाहेरून रंग मात्र नवाकोरा! तेही चाललं असतं हो, पण ते बुजवायला फॅब्रिकेटर लागतो आणि मे महिन्यात फॅब्रिकेटर म्हणजे नवरदेवाच्या वर त्याचा भाव, अख्ख्या गावाच्या शेड त्याच्याकडेच. मृगाच्या आधी येतो म्हणतो आणि पहिली सर पडून गेल्यावर उगवतो, मग ओल्या पत्र्यावर ना सोल्डर धरत ना सिलिकॉन. वेल्डिंग केलं तर जस्त जळून तिथूनच परत गंज. तोवर त्या भोकातली धार भिंतीवर पडून पडून प्लास्टर फुगलेलं असतं. दरवर्षी हेच.

पीव्हीसीचं काही बिघडलं तर दुकानातून तुकडा आणायचा आणि शिडीवर चढून आपणच बसवायचा, कोणाची मनधरणी नाही. खोड तिच्यातही आहे म्हणा. उन्हाने ती वाढते, चार मीटरच्या तुकड्यात अर्धा सेंटीमीटर सहज, त्यामुळे जोडाच्या ठिकाणी जागा सोडावी लागते आणि रबर सरकलं तर थेंब गळतो. आमच्या पायरीवर एक गळतो, पाऊस यायच्या आधी रबर नीट बसवून घेतो, तेवढ्यावर भागतं. आणि काही वर्षं ऊन खाल्लं की ती कडक होते, मग शिडी टेकवताना जपून.

वानरांचा त्रास असेल तर मात्र पीव्हीसी घ्या असं मी सांगणार नाही, टोळी एकदा छपरावरून उतरली की विषय संपला. घाटावर, खारा वारा नाही तिथेही पत्रा कदाचित जास्त वर्षं काढेल.

पूर्ण लांबीची जाळी दोन्हींना नको, पानं तिच्यावरच चिकटतात आणि पाणी बाहेर जातं. फक्त उतरत्या पाईपच्या तोंडाला जाळीचा गोळा बसवा आणि गाळ मेअखेर एकदा, जुलैत उघडीप मिळाली की परत एकदा काढा. पत्र्याचीच करायची ठरली असेल तर फॅब्रिकेटरला शिमग्याच्या आसपासच गाठा, आगाऊ पैसे देऊन. अक्षय्य तृतीया झाली की तो फोन उचलत नाही.