क्रोशाच्या चिमणीचं किट: दोरा छान, माहितीपत्रक दिव्य
आई रुमालांना क्रोशाची लेस करायची. मी मात्र साठीत पहिल्यांदा सुई धरली. ऑनलाइन मागवलेल्या किटमध्ये तपकिरी सुती दोरा, २.५ मिलिमीटरची सुई, भरायला कापूस आणि दोन काळे डोळे होते. दोरा सुरेख, विणताना पदर सुटत नाहीत. माहितीपत्रकाचं मात्र विचारू नका! ६ मुक्या खांबांचे (म्हणजे क्रोशाच्या बुटक्या, साध्या टाक्यांचे) पुढच्या फेरीत १२, मग १८, इथवर ठीक. पुढे टाके वाढवणं कुठे थांबवायचं हेच छापलेलं नाही. चिमणीची झाली बशी! तीनदा उसवलं. डोळे मागून पक्के धरणारी चकती आतून दाबायची असते, म्हणजे कापूस भरण्याआधी. हे सांगितलंय शेवटच्या पानावर. चोच जरा वाकडीच शिवली गेली. नातू तिला पोपट म्हणतो.