प्रियोरात की डोउरो, ड्राय (म्हणजे गोड नसलेली) रेड वाइन कुठली घ्यायची?

दोन्हीकडे उभे डोंगर, पाटीसारखा चपटा फुटणारा दगड आणि म्हाताऱ्या वेली, मग फरक काय राव? तर स्पेनच्या प्रियोरातमध्ये खेळ मुख्यतः दोनच द्राक्षांचा, गार्नाचा आणि कारिन्येना, आणि जुन्या वेली तारेवर वगैरे नाहीत, ठेंगण्या झुडपासारख्या उभ्या, मुळं पाण्यासाठी दगडाच्या फटीत खोल गेलेली, एका वेलीला घड मोजकेच. म्हणून वाइन दाट, अल्कोहोल सहज १४.५-१५ टक्के, दुसऱ्या ग्लासला डोकं जड होतं.

पोर्तुगालच्या डोउरोची गंमत वेगळी. १७५६ सालीच हद्द आखलेला हा भाग गोड पोर्ट वाइनसाठी प्रसिद्ध, ड्राय रेडचं नाव नंतर झालं, बार्का वेल्या ही इथली गाजलेली ड्राय रेड पहिल्यांदा बनली १९५२ला. जुन्या मळ्यात वीस-तीस जातींची चक्क खिचडी लावलेली, सगळं एकदम तोडायचं, त्यात काही पिकलेलं काही आंबटसर, आणि काही घरांत अजून ग्रॅनाइटच्या हौदात पायाने तुडवतात. त्या आंबटपणामुळेच मटणाबरोबर मी तरी डोउरोच घेईन. प्रियोरात थंडीत, हळूहळू, आणि बाटली तासभर आधी उघडून ठेवा हां.