फळांचं पफ घरी करायचं, पण पीठ कुठलं घ्यायचं?

भाचीचा फोन आला. "मावशी, रविवारी बारा माणसं येणारेत. पेरूचं पफ करायचंय. तयार शीट आणू का पीठ घरीच मळू?" मी विचारलं, "तुझ्या ओट्यावर ऊन किती वाजता येतं?" पलीकडे शांतता. तिला बहुधा वाटलं, मावशीला ऐकू कमी यायला लागलंय.

पण सोलापुरात पफचा विचार तिथूनच सुरू करावा लागतो. पुण्या-मुंबईच्या पाककृतीत 'लोणी खोलीच्या तापमानाला आणा' असं लिहिलेलं असतं. आमच्या खोलीचं तापमान एप्रिलात चाळिशी पार करतं. लोणी विशीतच मऊ पडायला लागतं आणि 32 ते 35 अंशांच्या दरम्यान पार वितळतं. म्हणजे नुसतं ओट्यावर ठेवलं तरी त्याची आमटी.

पफ म्हणजे काय, हे चिरोटे करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. पिठाचा पदर, स्निग्धाचा पदर, परत पिठाचा. फरक एवढाच, की चिरोट्याचे पदर तळताना सुटतात आणि पफचे वाफेवर उचलले जातात. पिठातलं आणि लोण्यातलं पाणी (लोण्यात साधारण 16 टक्के पाणी असतं) कडक आचेत वाफ होऊन पदर वर ढकलतं. लोणी त्याआधीच पिठात मुरलं असेल तर ढकलायला वेगळे पदरच उरत नाहीत. मग तयार होते ती शंकरपाळ्याची मोठी बहीण.

आता वाटा बघू. माझ्या हिशोबाने पाच आहेत आणि पाचही मी करून बसलेय.

पहिली, शास्त्रशुद्ध घडीचं पफ. पाव किलो मैदा, सव्वाशे मिली बर्फाचं पाणी, चमचाभर लिंबाचा रस, चिमूट मीठ आणि घड्या घालायला 180 ते 200 ग्रॅम बिनमिठाचं लोणी. मैद्याची पोळी लाटायची, लोण्याची चौकोनी वडी तिच्यात पाकिटासारखी बंद करायची, लाटायची, तीन पदरी घडी, परत लाटायची. दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रिज. सहा घड्या झाल्या की लोण्याचे 729 पदर होतात. चवीला याच्या जवळपास दुसरं काही येत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण लाटताना लोणी 12 ते 16 अंशांत हवं. त्याहून थंड असेल तर पोळीत त्याचे तुकडे पडतात, गरम असेल तर ते कडेने बाहेर येतं.

मी हे पहिल्यांदा केलं ते मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता. पंखा चालू, खिडकी बंद, उत्साह दांडगा. दुसऱ्या घडीला लाटण्याखालून पिवळा ओघळ आला. मी वरून मैदा भुरभुरला, तो ओला झाला, आणखी भुरभुरला. शेवटी जे भाजलं त्याचं वर्णन आमच्या ह्यांनी 'गोड कडक भाकरी' असं केलं. आणि ते लोणी खारं होतं, हे मला खाताना कळलं. तेव्हापासून हा उद्योग मी फक्त गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे करते. पहाटे सहाला, कडाप्प्याचा ओटा रात्रभरात गार पडलेला असताना. साडेनऊच्या आत सगळ्या घड्या संपवायच्या. ज्यांच्याकडे शहाबादी फरशीचा सुटा तुकडा पडलेला असेल त्यांनी तो धुऊन रात्री गच्चीत ठेवावा, पोळपाटापेक्षा दसपट बरा.

दुसरी वाट, झटपट पफ. तोच मैदा, 175 ग्रॅम लोणी, पण त्याचे बोराएवढे तुकडे करून फ्रिजरमध्ये कडक करायचे आणि मैद्यात नुसते घोळवायचे, चोळायचे नाहीत. गार पाण्याने जेमतेम गोळा बांधायचा आणि चार घड्या. दीड-दोन तासांत मोकळं. पदर थोडे आडवेतिडवे येतात, फुगतं पहिल्याच्या दोनतृतीयांश. फळ भरून बंद करायचं असेल तर तेवढं पुरतं, कारण सारणाच्या वजनाखाली 729 पदरांचा तोरा तसाही उतरतो. लोण्याची चव हवी, पण सकाळ अख्खी घालवायची नाही, त्यांनी हे करावं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जमतं. पुढे एसी असेल तरच.

तिसरी, तयार शीट. मोठ्या किराणा दुकानांत फ्रिजरमध्ये मिळते. हिची गोची शीटमध्ये नाही, रस्त्यात आहे. दुकानातून घरी येईपर्यंत दुपारच्या उन्हात अर्धा तास डिकीत राहिली की ती सैल पडते, मग आपण ती परत फ्रिजरमध्ये घालतो, आणि पदर एकमेकांना चिकटतात. एकदा तर दुकानातच हे झालेलं पाकीट माझ्या पदरात पडलं. शीटच्या मधे बर्फाचे खडे होते, म्हणजे वीज गेली तेव्हा वितळून परत गोठलेली. तेव्हापासून पाकीट हातात घेऊन दाबून बघते. सपाट, कडक आणि बर्फाच्या भुकटीशिवाय असेल तरच घ्यायचं, घरी आणताना ओल्या टॉवेलात गुंडाळायचं. सैल करायची ती रात्रभर फ्रिजच्या खालच्या खणात, ओट्यावर नाही. पाकिटावरचे घटक वाचा: बहुतेक शीट वनस्पती स्निग्धाच्या असतात, लोण्याच्या नाहीत.

चौथी वाट आपल्या गावातलीच, आणि ती कुणी लिहीत नाही. सकाळी खारी आणि पॅटीस काढणाऱ्या बेकरीत कच्चं पीठ मागा. सगळे देत नाहीत. ओळख असेल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तर वजनावर देतात. त्यांच्या घड्या मार्गरीनच्या, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेल्या लोण्यासारख्या स्निग्धाच्या असतात. ते चाळिशीच्या वर वितळतं, म्हणून सोलापूरच्या उन्हातही पदर शाबूत राहतात आणि पफ फुगतं झकास, घरच्या लोण्यापेक्षाही उंच. दोष त्याच गुणात आहे. आपलं तोंड 37 अंशांचं, त्यामुळे ते तोंडात पुरतं वितळत नाही, टाळूला पातळ थर बसतो. गरम खाल्लं तर जाणवत नाही, गार खाल्लं की चहा लागतो. मार्गरीन म्हटलं की ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला वाईट अशा चरबीची भीती वाटते. ती आता पूर्वीइतकी राहिली नाही, जानेवारी 2022 पासून अशा स्निग्धांत 2 टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. तरी रोज खायची वस्तू नाहीच ही. आणखी एक, खारीच्या पिठात मीठ जास्त असतं. सारण त्या मानाने गोड ठेवा.

आणि भट्टी! दिवाळीत नानकटाईचे ट्रे घेऊन बेकरीत जातो, तसं भरलेले पफही भाजून मिळतात, विचारायला तोंड हवं. विटांच्या भट्टीचा तळ जो तापलेला असतो, तो घरच्या छोट्या ओव्हनला आयुष्यात जमत नाही.

पाचवी, साट्याची. शेजारच्या अक्कांनी सुचवली, मी आधी हसले. तीन चमचे तूप नि दोन चमचे कॉर्नफ्लोअर पांढरंशुभ्र फेटायचं, चिरोट्यासारखं पोळीला लावायचं, गुंडाळी करून गार करायची, लाटून घडी. तुपात पाणी नसतं, त्यामुळे हे फुगत नाही, खुसखुशीत होतं. खाणाऱ्याला पफ म्हणून सांगू नका, फसवल्यासारखं वाटेल. फळाची करंजी म्हणा, दोन मागतील. उन्हाळ्यात घरचंच सगळं हवं अशा हट्टी माणसासाठी हीच.

खर्चाचा क्रम सरळ आहे. बेकरीचं पीठ सगळ्यांत स्वस्त, मग साटा, मग शीट, आणि बिनमिठाच्या लोण्याचं पफ सगळ्यांत महाग. फसलं तर आणखी महाग.

आता फळ. इथे लोक पिठाइतका विचार करत नाहीत आणि तिथेच तळ कच्चा राहतो. पफचं वैर पाण्याशी आहे. सारण आधी शिजवून, चमच्याने मधे वाट काढली तर ती मिटू नये इतकं आटवून, पूर्ण गार करूनच भरायचं. गरम सारणाने लोणी तिथल्या तिथे पाझरतं.

पेरू माझ्या मते पहिला. अर्धा किलो पेरू, बियांचा गर काढून चाळणीवर घासायचा, बिया फेकायच्या, बाकी फोडी आणि गर शंभर-सव्वाशे ग्रॅम साखरेत आटवायचा. पेक्टिन भरपूर, त्यामुळे स्वतःच घट्ट होतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. सफरचंद सगळ्यांत भरवशाचं, पण आपल्याकडचं नाही आणि चवीला सगळीकडे तेच. केळी बाजारात बारमाही आणि पाणी फारसं सोडत नाहीत. काप, किसलेला गूळ, वेलची, संपलं. घाईत हेच. करमाळ्याकडची थोडी कडक केळी आली असतील तर सोनं.

डाळिंबाचा मोह आवरा. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन, मग पफात डाळिंब नको तर काय, असं मलाही वाटलं होतं. पण दाणे भाजले की रस सोडून बसतात आणि मागे उरतात बिया. त्यापेक्षा वाटीभर रस दोन चमचे साखर घालून एकतृतीयांश उरेपर्यंत आटवा, पेरूच्या सारणात एक चमचा घाला, उरलेला गरम पफवर ब्रशने लावा. ताजे दाणे ताटलीत. सीताफळाचंही तसंच: त्याचा गर तापवला की कडवट होतो. रिकामं पफ भाजून, गार करून, फेटलेल्या सायीत गर मिसळून मधे भरायचा, तरच. आंबा येतो नेमका तेव्हा, जेव्हा लोण्याचं पीठ करायची सोय नसते. आटवलेल्या केशर रसाला म्हणून तयार शीट किंवा बेकरीचं पीठच. द्राक्षं नकोतच, फुटतात. त्यांच्याऐवजी बेदाणे.

कुठलंही फळ असो, सारणाच्या खाली चमचाभर शेंगदाण्याचा जाडसर कूट पसरा. बाहेरचे लोक टोस्टचा चुरा घालतात, आपण कशाला? रस ओढून घेतो, तळ कोरडा राहतो आणि पेरू-कूट ही जोडी अफलातून लागते. भाजलेल्या शेंगांचा साधा कूट म्हणतेय मी, चटणी नव्हे. घरात दोन्ही एकसारख्या बरण्यांत असतील तर वास घेऊन मग घाला.

भाजण्याबद्दल थोडक्यात. ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) 210 अंशांवर वीस मिनिटं आधी तापवायचा, दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खणाच्या एक खाली. पंधरा मिनिटं 210, मग 190 वर आठ-दहा. त्याआधी दार उघडलं की फुगलेलं बसतं. वर अंडं लावत असाल तर कापलेल्या कडांना लागू देऊ नका, पदर चिकटतात. अंडं नसेल तर दूध नि चिमूट साखर. माथ्यावर दोन चिरा हव्यात, नाहीतर वाफ स्वतःची वाट काढते, बहुतेक वेळा सारणासकट. एअर फ्रायरमध्ये चार तुकडे बरे होतात, पण वरचा पदर पंख्याने उडतो. कढईत मीठ तापवून केक होतो, पफ होत नाही: वरून आच नसते, माथा पांढराच राहतो.

तर भाचीचं काय ठरवलं? फेब्रुवारी संपत आलेला, ओट्यावर ऊन सकाळी नऊला, ओव्हनमध्ये एका वेळी सहाच मावतात, माणसं बारा. तिला मी झटपट पफही सांगितलं नाही. शनिवारी संध्याकाळी बेकरीचं पीठ, रात्री पेरूचं सारण, रविवारी भरून दुसरा ट्रे फ्रिजमध्ये. घरी चार माणसं असती आणि महिना डिसेंबरचा असता, तर मीच लोणी घेऊन गेले असते.

सोमवारी सकाळी परत फोन. "मावशी, एक उरलंय. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू?"

"अजिबात नको, चामडं होतं त्याचं. तव्यावर, मंद आचेवर, झाकण न ठेवता चार मिनिटं. आणि अर्धं माझ्यासाठी ठेव."