माहिती सगळी खरी होती, माणूस तेवढा खोटा

गोकर्ण, मुर्डेश्वर, कोल्लूर, उडुपी, शृंगेरी, होरनाडू, धर्मस्थळ, कुक्के अशी लाईन लावून मुंबईतले बरेच जण जी कर्नाटकातली देवदर्शनाची ट्रिप करतात ती तुम्ही ठरवत असाल, आणि घरात सीनियर सिटिझन असतील, तर पाच मिनिटं काढून हे वाचा. रूम-गाडीच्या खोट्या बुकिंगमध्ये आमचे साडेचौतीस हजार गेले. रक्कम फार मोठी नाही असं काही जण म्हणतील, पण ज्या पद्धतीने गेले ती पद्धत कळायला हवी, कारण यात ओटीपी नाही, लिंक नाही, लॉटरी नाही, धमकी नाही, पोलिसाच्या ड्रेसमधला व्हिडिओ कॉल नाही, ज्या ज्या गोष्टींपासून सावध राहा म्हणून रोज फोनवर टेप वाजायची त्यातलं काहीच नाही.

आम्ही मुलुंडचे. जाणार होतो आई-बाबा, मावशी-काका, मावसभाऊ, आम्ही दोघं आणि पोरं. जानेवारीत. ट्रिपचं मूळ मावशीचं, मावसभावाचं लग्न जमत नाहीये आणि कोणीतरी तिच्या डोक्यात नागदोष भरवला, मग कुक्के सुब्रमण्यला सर्पसंस्कार करायचाच. (मला स्वतःला हे दोषबिष पटत नाही, मुलगा रविवारी दुपारी दोनपर्यंत झोपतो हा दोष आधी काढा, पण मावशीसमोर बोलणार कोण.) मग एवढ्या लांब जातोय तर समुद्राकाठची देवळं आणि वरची घाटातली देवळं सगळीच करू असं ठरलं. कोकण रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, तिकिटं काढली, ती मात्र व्यवस्थित झाली.

राहायचं शक्यतो देवस्थानांच्या भक्तनिवासात असं काकांचं म्हणणं. काका बेस्टमधून रिटायर, हिशोबाला पक्के, त्यामुळे फोनाफोनी त्यांच्याकडे. एका ठिकाणच्या भक्तनिवासाचा नंबर त्यांनी मॅपवरून घेतला. कुठल्या ते मुद्दाम लिहीत नाही, त्या देवस्थानाचा यात काडीचा संबंध नाही. नंतर कळलं की मॅपवरच्या जागेचा फोन नंबर बदला असं कोणीही बाहेरचा माणूस सुचवू शकतो आणि कधीकधी ते बदललं जातं. फोटो खरे, पत्ता खरा, रिव्ह्यू खऱ्या लोकांचे, फक्त नंबर भलत्याचा. कॉलर आयडीच्या ॲपवर पण भक्तनिवासाचंच नाव येत होतं, तेही कोणीही टाकू शकतं.

फोन उचलला तो माणूस हिंदी बोलायचा, कानडी हेल, मधे मधे 'हो काका', 'बरं काका'. पहिला प्रश्न काय विचारावा? पैसे नाही, आधार नाही. 'सीनियर सिटिझन कितने है? घुटने का प्रॉब्लेम किसको है?' आईचे गुडघे गेलेत. तिथेच आमचं अर्धं घर जिंकलं त्याने.

मग त्याने आमचा प्लॅन मागितला. मी एक्सेलमध्ये केला होता, उडुपीहून कोल्लूर, मग परत उडुपी आणि वर आगुंबे असा. तो म्हणाला मॅडम कोल्लूर उडुपीनंतर कशाला, मुर्डेश्वरहून खाली येताना बैंदूरला आत वळा, मूकांबिकेचं दर्शन करून मग उडुपी, नाहीतर उगाच मागे जाल. एकदम बरोबर. आगुंबे घाटात चौदा हेअरपिन वळणं आहेत, मोठी बस घेऊ नका, बारा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर बरी. बरोबर. होरनाडूहून धर्मस्थळाला चारमाडी घाटाने उतरायचं, निघण्याआधी सगळ्यांना उलटीची गोळी द्या. बरोबर. धर्मस्थळाला पुरुषांना शर्ट-बनियन काढून आत जावं लागतं, काकांना सांगून ठेवा, आणि तिथे जेवणाचं काही बघू नका, अन्नछत्र आहे. मुर्डेश्वरच्या गोपुराला वरपर्यंत लिफ्ट आहे, आईंना नक्की वर न्या, तिथून शंकराची १२३ फुटी मूर्ती आणि समुद्र दोन्ही दिसतं. उडुपीला कृष्ण समोरच्या दारातून नाही, नऊ भोकांच्या चांदीच्या खिडकीतून बघायचा असतो. शृंगेरीला शारदांबेचं दर्शन झालं की लगेच पळू नका, बाजूच्या विद्याशंकराच्या देवळात बारा राशींचे बारा खांब आहेत ते बघा, आणि तुंगा नदीच्या घाटावर मासे.

आता मला सांगा, अशा माणसावर संशय कोणाला येईल? मी प्रत्येक गोष्ट नंतर नेटवर चेक करत होते आणि प्रत्येक गोष्ट खरी निघत होती, आणि जितकी खरी निघत होती तितका तो आम्हाला खरा वाटत होता. सगळा खेळ इथेच आहे. ही माहिती कोणालाही फुकट मिळते, त्या भागात चार वेळा गाडी चालवलेल्या कुठल्याही माणसाला असते. माणसाला रस्ता माहीत आहे म्हणजे रूमची किल्ली त्याच्याकडे आहे असं होत नाही, पण डोकं ते गणित आपोआप करतं.

पैशाचा विषय त्याने फार सावकाश आणला. म्हणाला २०२६ आहे, उडुपीला दर दोन वर्षांनी जानेवारीत पर्याय उत्सव असतो, कृष्णाच्या पूजेचा मान एका मठाकडून दुसऱ्या मठाकडे जातो, गर्दी बेफाम, आसपासच्या सगळ्या रूम भरतात, तुम्ही थांबू नका. हेही खरं! पर्याय असतोच. आमच्या तारखा उत्सवाच्या नंतरच्या होत्या, पण 'उसके बाद भी रश रहता है' म्हटल्यावर काकांनी पाच हजार टोकन पाठवलं. क्यूआर स्कॅन केल्यावर एका बाईचं नाव आलं. काकांनी विचारलं पण, तर म्हणे देवस्थानचं ऑडिट चालू आहे, सध्या अकाउंटंट मॅडमच्या खात्यात घेतो. लगेच व्हॉट्सॲपवर कानडीतली पावती, शिक्का, सही, वर देवाचा फोटो.

मग गाडी. सगळ्या रूम आणि टेम्पो ट्रॅव्हलर मिळून साडेअठरा हजार ॲडव्हान्स, गाडीचा नंबर दिला, केए २० पासून सुरू होणारा, म्हणजे उडुपीचीच. परत कानडी पावती. आणि शेवटी सर्पसंस्कार. हा विधी दोन दिवसांचा असतो आणि तारीख आधी घ्यावी लागते हे खरं आहे, लोक महिनोन्महिने थांबतात. हा म्हणाला एक कॅन्सलेशन आलंय, नेमकं तुमच्या तारखांना, आज संध्याकाळपर्यंत कन्फर्म केलं तर माझ्या ओळखीच्या भटजींना सांगतो, अकरा हजार. मावशीने हात जोडले. तिला वाटलं सुब्रमण्यानेच बोलावलं. अकरा हजार गेले, वेगळ्या नंबरवर, वेगळ्या नावावर.

पकडलं कोणी? आमच्या नाक्यावरच्या उडुपी हॉटेलच्या अण्णांनी. बाबा तिथे रोज सकाळी कॉफीला जातात, ट्रिपची बढाई मारता मारता त्यांनी अण्णांना फोनमधल्या पावत्या दाखवल्या, म्हणाले बघा तुमच्या गावाला निघालो. अण्णा कुंदापूरकडचे. त्यांनी चष्मा लावला, पावती झूम केली आणि म्हणाले, ही रूमची पावती नाहीये, ही कुंकुमार्चनेची आहे, आणि देऊळ पण दुसरंच आहे. दुसरी पावती अन्नदानाची देणगी. कोणाच्या तरी खऱ्या पावत्या, फक्त रक्कम आणि तारीख बदललेली, आणि बदललेले आकडे बाकीच्यांपेक्षा जाड दिसत होते. आपल्याला कानडी वाचता येत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. गोल गोल अक्षरं आणि शिक्का बघून आपण पण हात जोडतो.

घरी येऊन गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला, तर निघाली दुचाकी. एवढं चेक करायला अर्धा मिनिट लागतो आणि गाडी बुक करणाऱ्या प्रत्येकाने पैसे द्यायच्या आधी करावं, त्यात वाहनाचा प्रकार, फिटनेस, इन्शुरन्स सगळं दिसतं. भाड्याने चालणारी गाडी असेल तर पिवळी पाटी हवीच.

मग नवऱ्याने अण्णांच्याच मदतीने देवस्थानचा खरा नंबर शोधून फोन लावला. खरं ऑफिस कसं असतं ऐका. फोन बराच वेळ वाजला. उचलला. पलीकडे गडबड, भांड्यांचा आवाज, कोणीतरी कानडीत काहीतरी ओरडलं, मग अण्णा बोलले, उत्तर एका वाक्यात आलं की अशी कुठली बुकिंग नाही, या, काउंटरवर आधार दाखवा, रूम असेल तर मिळेल, आणि फोन कट. बस. आईच्या गुडघ्यांबद्दल कोणी विचारलं नाही. हजारो लोक रोज येतात तिथला काउंटरवाला तुमच्याशी वीस मिनिटं उलटीच्या गोळ्यांबद्दल बोलत नाही हो.

आता दुसरा डाव, हा पहिल्यापेक्षा वाईट. काकांनी रागाच्या भरात त्यालाच फोन केला. वाटलं होतं नंबर बंद असेल. छे. तो शांतपणे म्हणाला, काका गैरसमज झालाय, स्टाफने चुकीच्या पावत्या पाठवल्या, पूर्ण रिफंड देतो, फक्त एक ॲप डाउनलोड करा, त्यात नऊ आकडी कोड येईल तो सांगा म्हणजे अकाउंट सेक्शन थेट पैसे टाकेल. ते ॲप म्हणजे तुमच्या फोनचा स्क्रीन त्याला दिसणारं ॲप. काकांच्या पेन्शनचं खातं त्याच फोनवर आहे. मावसभावाने हातातून फोन काढून घेतला म्हणून वाचलो (रविवार होता आणि तो जागा होता, हा चमत्कार म्हणा हवं तर). रिफंड मिळवायला ॲप लागत नाही, कोड लागत नाही, पिन तर अजिबात लागत नाही, यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे एक वाक्य पाठ करून घ्या.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. लागायला वेळ लागला पण लागला. त्यांना तारीख, वेळ, रक्कम, कुठल्या खात्यातून गेले आणि प्रत्येक पेमेंटचा बारा आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख नंबर) हवा असतो, तो काढून हातात ठेवूनच फोन करा, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची आणि पावती नंबर घेऊन बँकेत पण लेखी द्यायचं. जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, कारण पैसे एका खात्यात राहत नाहीत, भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून पुढे पुढे सरकतात आणि कुठेतरी एटीएममधून निघतात. आमचे पहिले दोन पेमेंट कधीच निघून गेले होते. अकरा हजारातले साडेआठ हजार तिसऱ्या खात्यात सापडले आणि होल्ड झाले. होल्ड म्हणजे परत मिळाले असं नाही, ते सोडवायची वेगळी प्रक्रिया असते, ती चालू आहे. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी सगळे स्क्रीनशॉट काढा, आमच्या काकांनी रागात अर्धं चॅट उडवलं होतं, नशिबाने मी प्लॅनसाठी बरंच फॉरवर्ड करून घेतलं होतं.

ट्रिप केली आम्ही. तिकिटं होतीच. गाडी अण्णांच्या भाच्याच्या ओळखीने, पैसे उतरल्यावर. रूम काही ठिकाणी काउंटरवर मिळाली, काही ठिकाणी लॉजमध्ये राहिलो, शृंगेरीला लाइनीत थोडं उभं राहावं लागलं इतकंच. कुक्के आणि कोल्लूर दोन्ही कर्नाटक सरकारच्या मुजराई (देवस्थानांचा कारभार बघणाऱ्या) खात्याखाली येतात, सेवा करायची तर पावती देवस्थानचीच असते. कुक्केला खिडकीवर विचारलं, सर्पसंस्काराची तारीख तेव्हा नव्हतीच, मावशीने आश्लेषाबळीचं (नागदोषासाठीची तिथली दुसरी पूजा) विचारलं आणि सर्पसंस्कारासाठी पुढची तारीख घेऊन आली. गावात दोन-तीन जण मागे लागले होते की आम्ही आजच करून देतो, त्यांच्याकडे मावशीने असं बघितलं की ते परत आले नाहीत.

आणि हो, त्या माणसाने सुधारून दिलेला रूट आम्ही जसाच्या तसा वापरला. चांगला होता.

मॅपवरचा तो नंबर आम्ही रिपोर्ट केला, निघाला पण, आणि थोड्या दिवसांत तिथे दुसराच नंबर आला. नवऱ्याने परवा नवीन सिमवरून लावून बघितला. आवाज वेगळा, हेल तोच. 'नमस्ते, सीनियर सिटिझन कितने है?' परत रिपोर्ट केलाय.